रातोरात बिशप झालेला गव्हर्नर, आणि सैन्याच्या वेढ्यात शिकवलेली गाणी

इसवी सन 386. मिलान शहर. ईस्टरच्या आधीचा आठवडा.

शहरातल्या एका चर्चला सम्राटाच्या सैनिकांनी वेढा घातला होता. आत लोकांची गर्दी होती. बाहेर पडून घरी जायची सोय नव्हती आणि सैनिक कधी आत घुसतील याचा नेम नव्हता. रात्री जागून काढायच्या होत्या.

अशा वेळी पुढारी काय करतो? भाषण करतो, लोकांना शपथा घालतो, नाहीतर मागच्या दाराने बोलणी लावतो. मिलानच्या बिशपनेही भाषणं केली, बोलणीही केली. पण याच संघर्षात त्याने आणखी एक गोष्ट केली, जी सोळाशे वर्षांनंतरही चालू आहे.

त्याने लोकांना गायला लावलं.

या बिशपचं नाव अँब्रोज. आज चर्च म्हटलं की सगळ्यांनी मिळून म्हटलेली गाणी डोळ्यासमोर येतात. पण तेव्हा लॅटिन बोलणाऱ्या पश्चिमेकडच्या चर्चमध्ये साध्या माणसांनी एकत्र उभं राहून नवी रचलेली पदं गाणं ही रुळलेली गोष्ट नव्हती. ती रुळली ती या वेढ्याच्या दिवसांत. आणि गंमत म्हणजे ज्याने ती रुळवली, तो ना गवई होता, ना धर्मशास्त्र शिकलेला. बारा वर्षांपूर्वीपर्यंत तो सरकारी अधिकारी होता.

अँब्रोजचा जन्म साधारण 339 साली ट्रिअरमध्ये झाला. हे शहर आज जर्मनीत आहे. तेव्हा ते रोमन साम्राज्याचं मोठं सत्ताकेंद्र होतं आणि अँब्रोजचे वडील गॉल प्रांताचे सर्वोच्च अधिकारी होते. म्हणजे घरात सत्ता, पैसा, ओळखी, सगळं होतं.

त्याच्या बालपणाची एक गोष्ट त्याचा चरित्रकार पॉलिनस याने लिहून ठेवली आहे. बाळ पाळण्यात झोपलेलं असताना मधमाश्यांचा थवा येऊन त्याच्या तोंडावर बसला. तोंडात शिरला, बाहेर आला आणि डंख न मारता उडून गेला. वडिलांनी ओळखलं की पोरगं मोठं होणार. अशा गोष्टी थोर माणसांच्या नावावर मागाहून जमा होतात, त्यामुळे ती जितकी घ्यायची तितकीच घ्यावी. पण या गोष्टीमुळे अँब्रोज युरोपात मधमाश्या पाळणाऱ्यांचा पाठीराखा संत झाला आणि चित्रांमध्ये त्याच्याजवळ मधाचं पोळं दिसू लागलं.

वडील लवकर गेले. आई तिन्ही मुलांना घेऊन रोमला आली. थोरली मार्सेलिना, मग सॅटिरस आणि अँब्रोज. मार्सेलिनाने तरुण वयातच लग्न न करता धर्मासाठी आयुष्य वाहायचं व्रत घेतलं. हे नाव लक्षात ठेवा. वेढ्याच्या दिवसांत नेमकं काय घडलं हे आज आपल्याला कळतं, ते अँब्रोजने या बहिणीला लिहिलेल्या पत्रामुळे.

दोघे भाऊ कायदा शिकले, वकिली केली आणि सरकारी नोकरीत शिरले. तिशी ओलांडता ओलांडता अँब्रोज उत्तर इटलीतल्या एमिलिया आणि लिगुरिया या भागाचा गव्हर्नर झाला. मुक्काम मिलानला. आपल्याकडच्या विभागीय आयुक्ताचे आणि न्यायाधीशाचे अधिकार एकाच माणसाकडे दिले, तर जे होईल तशी ही खुर्ची होती.

आणि मग 374 साल उजाडलं.

मिलानचा बिशप ऑक्सेंशियस वारला. नवा बिशप निवडायचा होता आणि शहर दोन गटांत फाटलेलं होतं. वाद होता येशूच्या स्वरूपाबद्दल. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा आहे, की पित्याने निर्माण केलेला आणि म्हणून त्याच्यापेक्षा कमी? 325 साली नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेने बरोबरीचा, असा निकाल दिला होता. पण एरियस नावाच्या धर्मगुरूच्या विचारातून निघालेला दुसरा पक्ष संपला नव्हता. गेलेला बिशप त्याच बाजूचा होता. त्यामुळे आता खुर्ची कुणाकडे जाणार यावर चर्चमध्ये हातघाईवर येण्याची वेळ आली.

कायदा आणि सुव्यवस्था कुणाचं काम? गव्हर्नरचं. म्हणून अँब्रोज तिथे गेला आणि लोकांना शांत राहायला सांगू लागला.

पॉलिनस सांगतो की तेवढ्यात गर्दीतून एका लहान मुलाचा आवाज आला, अँब्रोजलाच बिशप करा म्हणून. आणि सगळ्या गर्दीने तेच उचलून धरलं. भांडणारे दोन्ही गट एका नावावर आले.

अडचण एवढीच होती की अँब्रोजचा अजून बाप्तिस्माही झाला नव्हता. म्हणजे औपचारिकपणे तो अजून पूर्ण ख्रिस्ती नव्हता. मोठ्या हुद्द्यावरचे लोक तेव्हा बाप्तिस्मा लांबणीवर टाकत. न्यायदानात, राज्यकारभारात हात मळतात, मग सगळं एकदाच धुऊन निघावं हा हिशेब.

पुढचे दिवस तर एखाद्या विनोदी सिनेमात शोभावेत असे आहेत. लोकांना आपण नालायक वाटावं म्हणून अँब्रोजने कोर्टात आरोपींना छळायचे हुकूम दिले. उपयोग झाला नाही. मग उघड उघड वेश्यांना घरी बोलावलं. लोक म्हणाले, तुझं पाप आमच्या माथी, पण बिशप तूच. मग तो रात्री पळाला. पहाटे पाहतो तो शहराच्या वेशीवरच उभा, रात्रभर रस्ता चुकून परत तिथेच आलेला. शेवटी एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यावर लपला, तर सम्राटाची मंजुरी आल्यावर त्या माणसानेच त्याला पुढे केलं.

मग बाप्तिस्मा झाला, आणि आठ दिवसांच्या आत मधल्या सगळ्या पायऱ्या भराभर चढवून 7 डिसेंबर 374 रोजी त्याला बिशपपदाची दीक्षा दिली गेली.

पद नको होतं हे खरं, पण मिळाल्यावर त्याने ते पूर्णवेळ केलं. सोनंनाणं चर्चला आणि गरिबांना दिलं. जमिनी चर्चच्या नावे केल्या, फक्त बहिणीच्या हयातीपर्यंतची सोय ठेवली. सिम्प्लिशियन नावाच्या वडीलधाऱ्या धर्मगुरूकडे बसून शिकायला सुरुवात केली. शिकता शिकता शिकवायची पाळी आली होती, हे त्याने स्वतःच कबूल केलं आहे. पुढे 378 साली एड्रियानोपलच्या लढाईत रोमन सैन्याचा धुव्वा उडाला आणि गॉथ टोळ्यांनी माणसं पकडून नेली, तेव्हा अँब्रोजने चर्चची सोन्याचांदीची पात्रं वितळवून कैदी सोडवले. विरोधकांनी यावरूनही त्याला धारेवर धरलं.

त्याच्या घराचं दार सगळ्यांना उघडं असायचं. वर्दी द्यायची पद्धत नव्हती. 384 साली मिलानला वक्तृत्वाचा प्राध्यापक म्हणून आलेला एक तरुण असाच आत यायचा आणि बिशप वाचत बसलेला पाहून हळूच निघून जायचा. त्याला एका गोष्टीचं नवल वाटायचं. बिशप मनातल्या मनात वाचत होता. डोळे ओळींवरून फिरतात, पण ओठ हलत नाहीत, आवाज येत नाही. तेव्हा मोठ्याने वाचणं हीच सर्वसाधारण रीत होती. या तरुणाने अंदाज केला की बिशपचा आवाज लवकर बसत असावा, म्हणून तो जपत असेल.

हा तरुण म्हणजे ऑगस्टीन. पुढे पाश्चात्त्य विचारविश्वावर ज्याची छाप शेकडो वर्षं राहिली, तोच.

आता वेढ्याकडे येऊ.

मिलान तेव्हा पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानीच झालं होतं. सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन हा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. चौथ्या वर्षी गादीवर बसवलेला. खरी सूत्रं त्याची आई जस्टिना हलवायची. जस्टिना एरियस पक्षाच्या बाजूची. दरबारात आणि गॉथ सैनिकांमध्येही त्या पक्षाचे लोक बरेच. त्यांना प्रार्थनेसाठी शहरात एकही चर्च नव्हतं, कारण सगळी चर्चेस अँब्रोजच्या ताब्यात.

385 साली दरबाराने एक चर्च मागितलं. अँब्रोजला राजवाड्यावर बोलावलं गेलं. तो आत असताना बाहेर एवढी गर्दी जमली, की शेवटी त्यालाच गर्दीला शांत करायची विनंती करावी लागली.

मग जानेवारी 386 मध्ये कायदा आला. एरियस पक्षाला उघड प्रार्थनेची मोकळीक मिळाली आणि आडवं येणाऱ्याला मृत्युदंड ठरला. आता प्रकरण जीवावरचं होतं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा चर्च मागण्यात आलं. अँब्रोज नाही म्हणाला. त्याचं म्हणणं असं की माझं घर, माझी जमीन हवी तर घ्या, मला बेड्या घाला, पण देवाची वास्तू माझी नाही, म्हणून ती मी देऊ शकत नाही आणि सम्राटाला ती घेता येत नाही. शहरातल्या व्यापाऱ्यांना जबर दंड ठोठावून तुरुंगात डाललं. दरबारातल्या एका अधिकाऱ्याने बिशपचं मुंडकं उडवायची धमकी दिली. सैनिकांनी वेढा दिला.

इथे थोडं थांबून दोन्हीकडून पाहायला हवं. आज आपण म्हणू की एका गटाला प्रार्थनेसाठी एक जागा दिली असती तर काय बिघडलं असतं? प्रश्न रास्त आहे. अँब्रोज सर्वांना पूजेचं स्वातंत्र्य हवं म्हणून लढत नव्हता. आपलंच मत खरं आणि दुसऱ्याचं खोटं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पण सत्तेची हद्द कुठे संपते हा प्रश्न त्याने सम्राटाच्या तोंडावर विचारला, आणि तोही हातात शस्त्र न घेता.

आत अडकलेल्या लोकांमध्ये ऑगस्टीनची आई मोनिका होती. मुलाच्या काळजीने उत्तर आफ्रिकेतून इथवर आलेली विधवा. बिशपसोबत मरायची तयारी ठेवून जागरण करणाऱ्यांत ती पुढे होती, असं ऑगस्टीनने लिहिलं आहे. तो स्वतः अजून बाहेरच होता. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण शहरातली अस्वस्थता त्यालाही जाणवत होती.

याच दिवसांत, दुःखाने आणि थकव्याने लोक खचून जाऊ नयेत म्हणून, पूर्वेकडच्या चर्चेसप्रमाणे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं आणि गीतं गायची प्रथा मिलानमध्ये सुरू झाली, अशी ऑगस्टीनची नोंद आहे.

पूर्वेकडची ही काय पद्धत होती? सीरियाच्या भागात लोक दोन बाजूंना उभे राहून आळीपाळीने गात. आपल्याकडे भजनात दोन्ही बाजूंचे टाळकरी एकमेकांकडून ओळ उचलतात, तसंच काहीसं. एडेसा शहरात एफ्रेम नावाच्या कवीने मुलींना गीतं शिकवली होती, असं परंपरा सांगते. आणि गाणं हे वादाचं हत्यार असतं हे एरियसच्या लोकांनाही ठाऊक होतं. एरियसने खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी गाणी रचली होती, म्हणजे आपला विचार कामाच्या लयीत लोकांच्या तोंडी बसेल. अँब्रोजने विरोधकांचंच हत्यार उचललं, असंही म्हणता येईल.

लॅटिनमध्ये त्याच्याआधी कुणी प्रयत्न केला नव्हता असं नाही. पॉइटिएचा बिशप हिलरी याने गीतं रचली होती. पण ती विद्वानांना पेलतील अशी होती. लोकांच्या तोंडी ती बसली नाहीत.

अँब्रोजने काय वेगळं केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्याने छंद घेतला तो अगदी सुटसुटीत. एका ओळीत आठ अक्षरं. चार ओळींचं एक कडवं. आठ कडव्यांचं एक गीत. बस. वाक्य शक्यतो कडव्याच्या आत संपतं. शब्दावर बोलताना जिथे जोर येतो, बहुतेक वेळा तिथेच छंदाचाही जोर येतो. कडवी आठ, म्हणजे दोन गटांनी आलटून पालटून म्हटली तरी वाटणी सारखी.

आठ अक्षरांचे चार चरण. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आपला अनुष्टुभ छंदही असाच, चार चरण आणि बत्तीस अक्षरं. रामायण आणि गीता बहुतांशी त्याच छंदात. छोट्या अभंगाच्या ओळीही आठ अक्षरांच्या. मिलानचा आणि आपला काही संबंध नाही. पण ज्याला पुस्तक परवडत नाही किंवा वाचता येत नाही, त्याच्या एका श्वासात आणि स्मरणात किती मावतं, याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच निघाला.

विषयही रोजचे होते. त्याचं एक गीत पहाटेचं आहे, आपल्या भूपाळीसारखं. त्यात कोंबडा आरवतो, वाटसरूला रात्र सरल्याचं कळतं, खलाशाला धीर येतो, झोपलेल्यांना जाग येते. आणि येशूला ओळखत नाही म्हणणारा शिष्य पीटर कोंबडा आरवताच रडला होता, याची आठवणही त्यातच गुंफलेली. एक गीत दिवेलागणीचं आहे, देऊस क्रेआतोर ओम्नियुम नावाचं. दिवस संपला, थकलेल्या अंगांना झोप मिळू दे, मन मात्र जागं राहू दे, असा त्याचा आशय. ज्या लोकांना रात्रभर चर्चमध्ये बसायचं होतं त्यांच्यासाठी हे विषय पुस्तकी नव्हते.

पण या साध्या शब्दांच्या आत वादाचा मुद्दा पक्का बसवलेला होता. गीताच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना एकाच पातळीवर वंदन. म्हणजे ज्या प्रश्नावर सैन्य बाहेर उभं होतं, त्याचं उत्तर आतला प्रत्येक माणूस गात होता.

विरोधकांना हे कळलं. बिशप गाण्यांनी लोकांवर जादूटोणा करतो, असा आरोप झाला. अँब्रोजने तो नाकारला नाही. प्रवचनात त्याने सरळ मान्य केलं की हो, हा मंत्र आहेच आणि याहून ताकदीचा दुसरा नाही. जे काल शिष्यसुद्धा धड नव्हते, ते आज गाऊन गाऊन गुरू झालेत.

आणि वेढा? तो रक्त न सांडता उठला. काही सैनिक चर्चमध्ये शिरले तेव्हा बायका घाबरल्या, पण ते म्हणाले आम्ही लढायला नाही, प्रार्थनेला आलोय. गुरुवारी सैन्य मागे घेतल्याची बातमी आली. व्यापाऱ्यांचा दंड परत केला गेला. त्या आठवड्यात दरबार हरला.

त्याच वर्षी जूनमध्ये अँब्रोजने नव्या चर्चच्या बांधकामाजवळ खणायला लावलं आणि जर्व्हेसियस व प्रोटेसियस या दोन हुतात्म्यांच्या अस्थी सापडल्या. सेव्हेरस नावाच्या एका आंधळ्या खाटकाला त्यांच्या वस्त्राच्या स्पर्शाने दृष्टी आली, अशी बातमी शहरभर पसरली. राजवाड्यात याची टिंगल झाली, पण लोक बिशपच्या बाजूने होते. या शोधाची वेळ त्याला फारच सोयीची होती, हे कुणाच्याही लक्षात येईल.

पुढच्या वर्षी, 387 च्या ईस्टरच्या रात्री, ऑगस्टीनने अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला. ती गाणी ऐकून आपण किती रडलो हे त्याने नंतर लिहिलं. काही महिन्यांनी आफ्रिकेला परतताना रोमजवळच्या ओस्टिया बंदरात मोनिका वारली. ऑगस्टीनने अश्रू आवरून धरले. झोपून उठला, तेव्हा अंथरुणात एकटा असताना त्याला अँब्रोजचं ते संध्याकाळचं गीत आठवलं. मग मात्र त्याने स्वतःला रडू दिलं.

कथा इथे संपवली असती तर अँब्रोज निर्मळ संत म्हणून आपल्या हाती आला असता. पण पुढचं वर्ष सांगावंच लागेल.

388 साली युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावात, म्हणजे आजच्या सीरियातल्या रक्काजवळ, ख्रिस्ती जमावाने ज्यूंचं प्रार्थनास्थळ जाळलं. तिथल्या बिशपचीच त्याला चिथावणी होती. सम्राट थिओडोसियसने न्यायाला धरून हुकूम दिला की बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावं. अँब्रोजने याला कडाडून विरोध केला. चर्चमध्ये सम्राटाला समोर बसवून प्रवचनातून ऐकवलं आणि हुकूम मागे घेतल्याचं वचन मिळेपर्यंत वेदीकडे जायला नकार दिला. थिओडोसियस नमला. जाळणारे सुटले आणि ज्यांचं जळलं त्यांना काही मिळालं नाही. दोन वर्षांपूर्वी आपली प्रार्थनेची जागा वाचवण्यासाठी लोकांसोबत रात्री जागणारा माणूस, दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळाच्या वेळी असा वागला. याचं समर्थन होत नाही.

आणि तोच माणूस 390 साली वेगळा उभा राहिला. ग्रीसमधल्या थेसालोनिकीत रथांच्या शर्यतीतल्या एका लाडक्या सारथ्याला अटक झाली, म्हणून जमावाने बुथेरिक या लष्करी अधिकाऱ्याला ठार केलं. थिओडोसियसने सूड म्हणून सैन्य मोकळं सोडलं. लोकांवर कत्तल चालली. एका जुन्या इतिहासकाराने मृतांचा आकडा 7000 दिला आहे. अँब्रोज आजाराचं कारण सांगून शहराबाहेर गेला आणि सम्राटाला स्वतःच्या हाताने गुप्त पत्र लिहिलं. चारचौघांत अपमान नको म्हणून गुप्त. आशय स्पष्ट होता. पश्चात्ताप केल्याशिवाय मी तुझ्यासमोर मिस्सा अर्पण करणार नाही.

जगातला सगळ्यात ताकदवान माणूस राजवस्त्रं उतरवून चर्चमध्ये सगळ्यांसमोर पश्चात्तापाला उभा राहिला. त्या वर्षीच्या नाताळात त्याला परत घेतलं गेलं. बिशप चर्चच्या दारात सम्राटाला अडवतोय अशी चित्रं रूबेन्ससारख्या चित्रकारांनी काढली. प्रत्यक्षात दारातलं नाट्य नव्हतं, एक पत्र होतं.

पुढे पोरसवदा व्हॅलेंटिनियन 392 साली मेला. ज्याच्या सैन्याने चर्चला वेढा दिला होता, त्याच्यासाठी अंत्यसमयीचं भाषण अँब्रोजनेच केलं. तीन वर्षांनी थिओडोसियससाठीही त्यानेच केलं.

अँब्रोज स्वतः गेला 4 एप्रिल 397 च्या पहाटे. तो ईस्टरच्या आधीचा शनिवार होता. आदल्या संध्याकाळपासून तो हात क्रुसासारखे पसरून पडून होता. ओठ हलत होते, पण काय म्हणतोय ते जवळच्यांनाही ऐकू येत नव्हतं. तेव्हा तिथे असलेल्या पॉलिनसने हे लिहून ठेवलं आहे.

गाणी मागे राहिली. पण त्यांचं यश इतकं मोठं झालं की त्यात अँब्रोजच हरवायची वेळ आली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, तेव्हा रोजच्या प्रार्थनेतल्या गीताला त्याने अँब्रोजचंच नाव वापरलं. पुढे त्याच्या पद्धतीने कुणीही आठ अक्षरी गीत रचलं की ते त्याच्या नावावर जाऊ लागलं. आपल्याकडे तुकोबांच्या नावावर किती अभंग फिरतात ते आठवा. अभ्यासकांनी चाळून पाहिलं, तेव्हा ऑगस्टीनच्या साक्षीमुळे निःसंशय अँब्रोजची ठरलेली गीतं हाती लागली ती फक्त चार. आणखी काहींबद्दल बऱ्यापैकी खात्री दिली जाते.

सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ते देउम या प्राचीन लॅटिन स्तोत्राची. शतकानुशतकं राज्याभिषेकाला, विजयाला, संकट टळल्यावर हे स्तोत्र गायलं गेलं. ऑगस्टीनच्या बाप्तिस्म्याच्या रात्री गुरू-शिष्यांनी एकेक ओळ उत्स्फूर्त म्हणत ते रचलं, अशी आख्यायिका आहे. सुंदर आहे, पण खरी नाही. ती कित्येक शतकांनंतर तयार झाली. आणि पुरावा स्तोत्रातच आहे. ते छंदात नाही, गद्याच्या लयीत आहे. आठ अक्षरांची ती शिस्त त्यात नाही.

त्याने लावलेल्या चाली कशा होत्या? सूर कागदावर उतरवायची पद्धत युरोपात साधारण नवव्या शतकात आली, म्हणजे त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी. तोवर सगळं कानातून कानात. मिलानच्या चर्चने मात्र आपली वेगळी उपासना आणि गायनपरंपरा जपली. बाकी पश्चिम युरोपात ग्रेगोरियन गायन पसरलं, तरी मिलानमध्ये अँब्रोजच्या नावाची परंपरा आजही चालू आहे.

शब्द आणखी दूर गेले. ख्रिस्तजन्माबद्दलचं त्याचं एक गीत मार्टिन लूथरने 1524 मध्ये जर्मनमध्ये आणलं. कॅथलिक चर्चशी उभा दावा मांडलेल्या लूथरलाही आपल्या लोकांना गायला लावण्यासाठी सोळाव्या शतकात चौथ्या शतकातलं हेच गीत सापडलं. त्याच जर्मन गीतावर योहान सेबास्टियन बाख याने 1714 आणि 1724 साली कॅन्टाटा रचल्या. नाताळाच्या आधीच्या दिवसांत त्या आजही वाजतात.

मिलानमध्ये सांत आम्ब्रोज्यो नावाचं चर्च आहे. त्याच्या तळघरात काचेच्या पेटीत अँब्रोजचा सांगाडा बिशपच्या वस्त्रांत ठेवलेला आहे, शेजारी ते दोन हुतात्मे. लोक रांगेने येतात, बघतात. 7 डिसेंबरला, म्हणजे ज्या दिवशी पळून पळून थकलेल्या गव्हर्नरला बिशप केलं गेलं त्या दिवशी, शहराला सुट्टी असते. त्याच संध्याकाळी ला स्काला या जगप्रसिद्ध ऑपेरागृहाचा नवा हंगाम सुरू होतो.